विज्ञानकादंबरीतील कचेरी

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणारी दोन मराठी माणसे भेटली म्हणजे बदली, मुलांच्या शाळा आणि गावाकडच्या घराची डागडुजी हे तीन विषय संपल्यावर चौथा प्रश्न हमखास निघतो : हल्ली काय वाचता? प्रश्न साधा, पण उत्तर देणारा क्षणभर सावरून बसतो. कोणी एखाद्या नव्या चरित्राचे नाव घेतो, कोणी पुन्हा एकदा ज्ञानेश्वरी काढल्याचे सांगतो. ‘विज्ञानकादंबऱ्या वाचतो आहे’ असे मात्र पस्तिशी गाठलेला पदवीधर गृहस्थ सहसा सांगत नाही. सांगितलेच तर समोरची व्यक्ती ‘मुलांसाठी का?’ असे विचारते. माझी नेमणूक आहे त्या कोलकात्यात मला याचे विशेष नवल वाटते. सत्यजित राय यांचा प्रोफेसर शंकू १९६१ साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात अवतरला. आज साठीचे बंगाली गृहस्थही त्याचे नाव कोणत्याही संकोचावाचून घेतात. आपल्याकडे मात्र हा वाङ्मयप्रकार अजून बैठकीच्या खोलीत यायला बिचकतो.

गेले काही महिने मी ज्या विज्ञानकथा वाचत आहे त्यांपैकी चार येथे विचारासाठी घेतो : फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’, आयझॅक आसिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’, लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आणि जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. त्यांतील विज्ञान अचूक आहे किंवा कसे, हा निवाडा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु या साऱ्या लेखनात एक गोष्ट अशी आहे की जिच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्या कारकुनाला खगोलशास्त्रज्ञापेक्षा काकणभर अधिकच असावा. ती गोष्ट म्हणजे कचेरी.

विज्ञानकादंबरीत एक अघटित घडते. ते घडू शकेल की नाही, याची चर्चा समीक्षक फार करतात. वाचकाच्या मनाची अडचण मात्र निराळी असते. आकाशातून मेघ आला, हे तो पहिल्या पानावर मान्य करून टाकतो. कारण तेवढ्यासाठीच त्याने पुस्तक हाती घेतलेले असते. त्याचा विश्वास डळमळतो तो पुढे. मेघ येत आहे ही बातमी कोणी कोणाला कळवली? पहिल्याने ती खोटी ठरवली नाही काय? वरिष्ठांनी कागदावर कोणता शेरा मारला? गोपनीयतेचा शिक्का कोणी उठवला? अद्भुत गोष्टीला माणसांच्या जगात शिरताना कोणत्या तरी दारातून यावे लागते, आणि आधुनिक जगात ते दार बहुधा एखाद्या कार्यालयाचे असते. जो लेखक हे दार खरे उभे करतो त्याचे अद्भुतही खरे वाटते. माझी कसोटी एवढीच आहे.

या कसोटीवर हॉईल यांची कादंबरी प्रथम घ्यावी लागते. हॉईल (१९१५–२००१) हे केंब्रिजचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ, आणि नारळीकरांचे गुरू. ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ साली प्रसिद्ध झाली. योगायोग असा की त्याच वर्षी तरुण नारळीकर बनारसहून केंब्रिजला शिकावयास गेले. कादंबरीचा आरंभ कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत होतो. आकाशाच्या दोन छायाचित्रांची तुलना करताना एका तरुण निरीक्षकाला ताऱ्यांच्या गर्दीत एक काळा डाग पसरत चाललेला दिसतो. तिकडे इंग्लंडमध्ये ग्रह आपल्या गणिती जागेवरून किंचित सरकलेले आढळतात. केंब्रिजचा ख्रिस किंग्जली त्या विचलनावरून गणित मांडतो आणि अमेरिकेला तार करतो : अमुक ठिकाणी काही अपरिचित वस्तू आहे काय? वस्तुमान गुरूच्या दोनतृतीयांश, वेग सेकंदाला ७० किलोमीटर, अंतर सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या २१.३ पट, रोख थेट पृथ्वीकडे.

ही तार माझ्या मते कादंबरीतील सर्वांत प्रभावी जागा आहे. तीत एकही विशेषण नाही. भयाचा उच्चार नाही. कोणत्याही कचेरीतून जाणाऱ्या तारेसारखी ती कोरडी आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा आणते. त्या आकड्यांचा हिशेब मी सहज कागदावर करून पाहिला. सूर्य-पृथ्वी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर धरले तर एकूण अंतर ३२० कोटी किलोमीटरांच्या आसपास येते. सेकंदाला ७० किलोमीटर या वेगाने ते कापावयास ५२५ ते ५३० दिवस लागतात. म्हणजे जगाच्या हाती जेमतेम दीड वर्ष उरले! हा हिशेब एखाद्या साध्या लिपिकालाही करता यावा, अशी सोय लेखकाने ठेवली आहे. भयाची मुदत वाचकाने स्वतःच्या हाताने मोजावी, याहून अधिक परिणामकारक असे काय असू शकेल?

यानंतर बातमी सरकारदरबारी जाते आणि हॉईल यांची लेखणी रंगात येते. अहवाल, गुप्त बैठका, गृहमंत्र्यांची भेट, पंतप्रधानांचा सचिव पार्किन्सन याचे केंब्रिजला येणे, आणि अखेर ग्रामीण इंग्लंडमधील नॉर्टन्स्टो नावाच्या वाड्यात शास्त्रज्ञांना नेऊन ठेवणे, हा सारा भाग इतक्या बारकाव्याने आला आहे की लेखकाने समित्यांवर पुष्कळ तास काढले असावेत अशी खात्री पटते. किंग्जलीची तक्रार अशी की विज्ञानाने जग बदलले तरी समाजातील मानाची उतरंड जुनीच राहिली : वर राजकारणी, मध्ये सैन्य, आणि खरी बुद्धी तळाशी. सरकार त्याला कोंडू पाहते, आणि तो अटी अशा चतुराईने घालतो की कोंडणाऱ्यांच्याच हातून जगाशी संपर्काची सारी साधने त्याच्या हाती यावीत.

हा डाव वाचताना गंमत वाटते; पण थोडे थांबून पाहिले की लेखकाचा पक्षपात ध्यानात येतो. या कादंबरीतील अधिकारी दोन जातींचे आहेत, मूर्ख आणि धूर्त. पार्किन्सन हा एकटा त्यांतून वर उठतो. शास्त्रज्ञांच्या सहवासात राहून तो माणसात येतो, असेच जणू लेखकाला सुचवावयाचे आहे! मेघ सूर्यापाशी येऊन ठेपतो. आधी भयंकर उष्मा आणि मग काळोख व थंडी यांत कोट्यवधी माणसे मरतात. हे सारे थोडक्या पानांत उरकले जाते, आणि नॉर्टन्स्टोच्या दिवाणखान्यातील संभाषणांना मात्र प्रकरणांमागून प्रकरणे मिळतात. मला विचारावेसे वाटते : त्या उष्म्यात धान्य कोणी वाटले? मेलेल्यांच्या याद्या कोणी केल्या? तारघरे कोणी चालू ठेवली?

हे प्रश्न आपल्याला आज सुचतात त्याला कारण आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर आपत्ती प्रथम आली ती एका परिपत्रकाच्या रूपाने. मग परवाने आले, याद्या आल्या, प्रवाशांचे तपशील आले, आणि एका चुकलेल्या आकड्यामुळे एखादे कुटुंब रात्रभर स्थानकावर बसू शकते हे ध्यानात आले. अशा वेळी सारे जग चार बुद्धिमंतांच्या वाड्यातून चालत नाही. ते असंख्य सामान्य हातांवर तोलून धरलेले असते. हॉईल यांना हे हात दिसत नाहीत, हा त्यांच्या कादंबरीचा मोठा दोष होय. तो कलेचाही दोष आहे. कारण ज्या मृत्यूंना चेहरा नाही त्यांचे दुःख वाचकाच्या मनात साचत नाही, आणि मेघाची भव्यताही त्यामुळे थोडी पोकळ वाटू लागते.

तरीही या लेखकाचे मन त्याच्या मतांपेक्षा मोठे आहे, याचा पुरावा कादंबरीतच सापडतो. मेघ हा सजीव आणि बुद्धिमान असल्याचे उघड होते. त्याच्याशी भाषण सुरू होते तेव्हा त्याच्या शब्दांना आवाज दिला जातो तो जो स्टॉडर्ड या वाड्यावरच्या साध्याभोळ्या माळ्याचा. आरंभी ही निव्वळ थट्टा असते. पुढे मेघाचे ज्ञान मानवी मेंदूत उतरवण्याचा प्रयत्न होतो आणि त्यात वायकार्ट व किंग्जली हे दोन तल्लख पुरुष प्राणास मुकतात. जुन्या ज्ञानाने गच्च भरलेल्या मेंदूला नवे ज्ञान सोसत नाही. या कामी माळ्याचे कोरे मनच कदाचित अधिक योग्य ठरले असते, असा विचार तेथे येतो. ज्या लेखकाने सामान्य माणसाला दाराबाहेर उभे केले, त्याच्या हातून अखेरीस सत्याची किल्ली माळ्याच्या खिशात सापडावी, हा प्रतिभेने मतावर मिळवलेला विजय आहे.

आसिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९५१ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कथांत एका आकाशगंगाव्यापी साम्राज्याचा ऱ्हास आहे, आणि जनसमूहांच्या भवितव्याचे गणित मांडणारा हॅरी सेल्डन आहे. माणसे यांत प्यादी होऊन वावरतात. पात्रचित्रण असे जवळजवळ नाहीच. परंतु एक प्रसंग प्रत्येक सरकारी नोकराने वाचावा असा आहे. साम्राज्याचा वकील लॉर्ड डॉर्विन पाच दिवस चर्चा करतो, ऐकणाऱ्यांना मोठी आश्वासने मिळाल्याचा भास होतो, आणि नंतर त्या साऱ्या भाषणाचे तर्कशास्त्राच्या चिन्हांनी विश्लेषण केले असता उत्तर शून्य येते! पाच दिवसांत गृहस्थ काहीही बोललेला नसतो. हे वाचून हसू येते आणि लगेच दुसऱ्या दिवशीचे एखादे टिपण लिहिताना लेखणी अडखळते. उपहासाचे हेच काम असते.

लिऊ त्सिशिन यांची कादंबरी या दोघांहून सर्वस्वी निराळ्या मातीतली आहे. चिनी भाषेत ती २००६ साली क्रमशः व २००८ साली ग्रंथरूपाने आली. केन लिऊ यांचे इंग्रजी भाषांतर २०१४ चे. पुढल्याच वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक मिळाले. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत वडिलांचा वध डोळ्यांदेखत पाहिलेली ये वेनजिए ही तरुण शास्त्रज्ञ पुढे एका गुप्त लष्करी केंद्रात पोचते. परग्रहावरील जीवांशी संपर्क साधणे हे त्या केंद्राचे खरे काम. तेथून अवकाशात पाठवावयाच्या संदेशाचे मसुदे लेखकाने दिले आहेत. पहिला मसुदा राजकीय घोषणांनी ठासून भरलेला. त्यावर वरिष्ठ नेत्याचा संतप्त शेरा. मग दुसरा, अधिक सौम्य मसुदा. आणि असे करत करत अखेर मंजूर झालेले शांत, सुसंस्कृत पत्र. मानवजातीने विश्वाला लिहिलेले पहिले पत्रदेखील मसुदा, शेरा, फेरमसुदा या वाटेनेच गेले, ही कल्पना मला अत्यंत खरी वाटली. तीत उपहास आहे, पण तुच्छता नाही. शेरा मारणारा अधिकारी येथे शहाणा आहे; घोषणांचा मसुदा त्याने अडवला म्हणून जगाची लाज राखली गेली.

आणि तरीही विनाश टळत नाही. परग्रहावरून जो पहिला इशारा येतो तो उत्तर न देण्याविषयी बजावणारा असतो. तो एकटी ये वेनजिए वाचते, कोणालाही न कळवता उत्तर पाठवते, आणि मानवाचे भवितव्य फिरते. साऱ्या चाळण्या, साऱ्या मंजुऱ्या ओलांडून एका दुखावलेल्या जिवाचा हात कळीवर पडतो. यंत्रणेने आधी त्या जिवाचा बाप मारला होता, हे लेखक विसरू देत नाही. हॉईल यांच्या कादंबरीत सरकार मूर्ख आहे आणि व्यक्ती शहाणी. येथे यंत्रणेने व्यक्तीला जखम केली आहे आणि त्या जखमेचे देणे साऱ्या जगाला फेडावे लागते. दुसरी दृष्टी अधिक सखोल आहे. या कादंबरीच्या उत्तरार्धात विज्ञानाच्या चमत्कृतींची दाटी होते, पात्रे पुसट होत जातात, हे खरे. पण पूर्वार्धाचे ऋण तेवढ्याने फिटत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मराठीत हा प्रकार उपरा नाही, आणि परप्रांतातील मराठी नियतकालिकांशी तर त्याचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोचीन येथून निघू लागलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकातच पुढे १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप वाचकांच्या भेटीस आले. नारळीकरांच्या बाबतीत हे नाते आणखी जवळचे ठरते. जन्म कोल्हापूरचा (१९३८), पण बालपण व शिक्षण बनारसला. वडील तेथे हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. म्हणजे हा लेखक आपल्या मुलांसारखाच परप्रांतात वाढलेला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर मी त्यांचे लेखन पुन्हा क्रमाने वाचावयास घेतले आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मी निवडली ती हेतुपूर्वक. पानिपतावर मराठे जिंकले असते तर इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हा विचार प्रत्येक मराठी मनात कधी ना कधी येऊन गेलेला असतो. नारळीकरांनी त्या स्वप्नाला आगगाडीचे तिकीट काढून दिले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर त्या दुसऱ्या जगात जाऊन पोचतात. पुण्याहून मुंबईस जाताना गाडी सरहद्दीवरच्या स्थानकावर थांबते आणि गणवेशातला एक कर्मचारी डब्यातून परवाने तपासत फिरतो. कारण पुढे मुंबईत अजून इंग्रजांचे राज्य आहे. हा परवाने पाहणारा माणूस कथेत दोनचार ओळींपुरता येतो. पण मला विचाराल तर साऱ्या कथेची सत्यता त्याच्या खांद्यावर आहे. साम्राज्ये बदलली, युद्धांचे निकाल फिरले, तरी सरहद्द म्हटली की कोणीतरी कागद मागणारच! त्या क्षणी ते जग कल्पनेतले राहत नाही.

दुसरी अस्सल जागा आझाद मैदानावरील सभेची. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंतांना राहवत नाही. त्यांनी आजवर ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषवलेले! ते खुर्चीत जाऊन बसतात आणि बोलू लागतात. त्या जगातील श्रोत्यांनी मात्र अध्यक्षीय भाषणांना कंटाळून अध्यक्ष ही संस्थाच मोडीत काढलेली असते. गंगाधरपंतांवर अंडी-टोमॅटोंचा वर्षाव होतो. मराठी सार्वजनिक जीवनाची यापेक्षा प्रेमळ थट्टा क्वचितच कोणी केली असेल. परप्रांतातील आपली मंडळे व त्यांची अध्यक्षपदे ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना अधिक सांगणे नको.

उणीव आहे ती शेवटात. गंगाधरपंत परत येतात, खिशात बखरीचे एक फाटलेले पान घेऊन. आणि राजेंद्र देशपांडे हा विज्ञानवेत्ता त्यांना घडल्या प्रकाराची उपपत्ती समजावून सांगतो. उपपत्ती सुबोध आहे, परंतु कथा तेथे वर्गात जाऊन बसते. ज्या गृहस्थाने इतिहासाचे पाच खंड लिहिले, त्याला आज कळले की तो सारा इतिहास एका गोळीच्या केसभर अंतरावर अवलंबून होता. त्या रात्री त्याला झोप लागली काय? स्वतःच्या ग्रंथांकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिले? कथा याविषयी मुकी आहे. विज्ञानाचा प्रसार हा नारळीकरांचा घोषित हेतू होता आणि तो थोर होता, यात शंका नाही. पण हेतू सफल झाला की कथा आटोपती घ्यावी, ही सवय मराठी विज्ञानकथेला जडली आणि त्यामुळे तिची पात्रे चमत्कार पाहतात, समजून घेतात आणि घरी जातात. चमत्काराने ती बदलत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की इतक्या किरकोळ उणिवेचा एवढा ऊहापोह कशासाठी? त्याचे कारण वाङ्मयाच्या पलीकडचे आहे. आपण परप्रांतात राहणारे लोक दिवसभर इंग्रजीत वा हिंदीत टिपणे लिहितो. संध्याकाळी घरी आलो की मराठी बोलतो. पण ती मराठी भाजीची, सणाची, आजोळच्या आठवणीची असते. मुलांच्या कानांवर हीच मराठी पडते, आणि ही भाषा घरगुती कामांपुरती आहे, खरी कामे दुसऱ्या भाषेत होतात, अशी त्यांची समजूत न बोलता पक्की होते. ही समजूत उपदेशाने जात नाही. एखाद्या मराठी पानावर वेधशाळा चालू दिसली, सरहद्दीवर परवाना तपासला गेला, कृष्णविवराला कृष्णविवर म्हटले गेले, की ती किंचित हलते. प्रयोगशाळा व कचेरी यांचे जग मराठीत मावते, याचा दाखला आज विज्ञानकथेइतका ठळकपणे दुसरा कोणता ललित प्रकार देतो? म्हणूनच ती केवळ सुबोध असून भागणार नाही. ती मोठ्या माणसाला रात्री जागी ठेवील अशी असावयास हवी.

अशी कादंबरी लिहिण्याचे साहित्य कोणापाशी आहे, याचा विचार केला तर मला शास्त्रज्ञांइतकेच या मासिकाचे वाचक आठवतात. हवामानाच्या नोंदी, रेल्वेच्या मालाच्या याद्या, दूरसंचाराच्या तक्रारी, भूकंपमापकांचे कागद आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या टेबलावरून रोज जातात. जगावेगळी गोष्ट घडलीच, तर तिची पहिली खूण अशाच एखाद्या कागदावर, न जुळणाऱ्या एका आकड्याच्या रूपाने उमटेल. तो आकडा चुकीचा म्हणून खोडून टाकावा की वरिष्ठांकडे पाठवावा, या विचारात पेन हाती धरून बसलेला माणूस जागतिक विज्ञानवाङ्मयात अजून नायक झालेला नाही. त्याच्या मनातले ते पाच मिनिटांचे द्वंद्व मराठीत कोणी नीट लिहिले, तर पुढचा मेघ आम्ही आनंदाने खरा मानू.